उंबरावर फवारू का देत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. विचारून विचारून भंडावलंत म्हणून, असं म्हटलं तरी चालेल.

प्रश्न एकच, विचारणारे वेगळे. पारावर, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर मयतीहून परतताना: ‘काका, जन्मभर फवारणीची औषधं विकली आणि आता देवळामागच्या उंबरावर एक पंप मारायचा म्हटलं की आडवे का पडता? प्रदक्षिणा घालणाऱ्याच्या अंगावर अळ्या पडतेत की.’ आणि लगेच दुसरा हसून म्हणतो, ‘रातच्याला गच्चीवर दिव्यापुढं चादर लावून पाखरं बघतेत ते. आता त्यांना पाप-पुण्य कळलंय.’ (पाखरू म्हणजे आमच्याकडं पतंग, अळीचा होतो तो.)

आधी ते पाप-पुण्य बाजूला ठेवू. दुकान बंद झालेलं नाही. मुलगा चालवतो, आणि औषधंच विकतो. माझ्या स्वतःच्या सोयाबीनवर गेल्या साली फवारणी झाली, मीच सांगितली. साधू झालेला नाही मी. फक्त उंबरावर नको म्हणतो.

दुसरं, उंबराला त्या अळ्यांनी काही होत नाही. पावसाळ्यात दोन-तीन आठवडे पानं खातात, झाड ओकंबोकं दिसतं, मग पुन्हा पालवी फुटते. एवढं सांगून मी गप्प बसत होतो. तेवढ्यानं तुमचं समाधान होत नाही, कारण खरं कारण ते नाहीच, हे तुम्हालाही दिसतं.

२०१२ चा खरीप. आमच्या चुलत भावाचं, म्हणजे दादाचं सोयाबीन फुलोऱ्यात. बांधाच्या एका कोपऱ्यात केसाळ अळी लागलेली. तिचं पाखरू पानाखाली पुंजक्यानं अंडी घालतं, बारक्या अळ्या एकाच पानावर गर्दी करून हिरवं तेवढं खरवडतात आणि पानाची जाळी करून ठेवतात. दुकानदाराला ते पान लांबूनच ओळखू येतं. पण त्याच बांधावर, विहिरीशी उंबर आहे, आणि त्याच्यावरही त्या साली अळ्याच अळ्या होत्या. दादा दिवेलागणीला दुकानात आला. काडेपेटीत एक पाखरू. उंबराच्या खोडावर सापडलं म्हणाला.

दुकानात गर्दी. मी काडेपेटी अर्धी सरकवली. रंगीत पोट, त्यावर काळे ठिपके. केसाळ अळीच्या पाखराचंही पोट रंगीत असतं आणि त्यावर काळे ठिपके असतात. बिल फाडता फाडता म्हणालो, ‘हीच तिची आई. मूळ उंबरात आहे दादा. आधी उंबर धुऊन काढा, मग सोयाबीन.’ आणि मोनोची बाटली काढून दिली. मोनोक्रोटोफॉस, बाटलीवर लाल त्रिकोण, म्हणजे जहाल विष. एका पंपाला किती, ते बिलाच्या पाठीमागं लिहून दिलं. पाच मिनिटंही गेली नसतील.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादाच्या थोरल्यानं पाठीवर पंप घेतला. बावीस वर्षांचं पोरगं. अंगात बनियन, तोंडाला उपरणं. सोयाबीनवर फवारताना नळी खाली असते, आपण मागं मागं सरकतो. उंबरावर फवारायचं तर नळी डोक्याच्या वर. त्यानं झाडाखाली उभं राहून चार पंप मारले. जेवढं वर गेलं त्यातलं निम्मं पानांवरून गळून त्याच्याच डोक्यावर, खांद्यावर, उपरण्यावर. ओल्या उपरण्यातूनच तो श्वास घेत होता.

पाच वाजता वहिनीचा फोन आला. त्याला घाम फुटलेला, तोंडातून लाळ, ओकारी थांबेना. जीपमध्ये घालून तालुक्याला नेलं. डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झालेल्या. ते म्हणाले, औषध कोणतं ते कळलं पाहिजे, बाटली आणा. बाटली शेतात राहिली होती. मग मी दुकान उघडलं, फळीवरून तीच दुसरी बाटली उचलली आणि मोटारसायकलवर दवाखान्यात नेली. त्या रस्त्यानं मी हजार वेळा गेलो असेन. खिशात बाटली होती, ती मांडीला लागत होती, एवढंच आठवतं.

विषावरच्या उताऱ्याची, ॲट्रोपीनची इंजेक्शनं सुरू झाली. पाच रात्री काढल्या. पोरगं वाचलं. दादा मला आजतागायत एक शब्द बोलला नाही. म्हणजे बोलतो, पेरणीचं, पावसाचं, सोयरिकीचं. त्यावर एक शब्द नाही. वहिनीनं तिसऱ्या रात्री व्हरांड्यात एवढंच विचारलं, ‘भाऊजी, झाडाखाली उभं राहून एकदा तरी फवारलं होतं का तुम्ही?’

नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, चूक फवारण्याच्या पद्धतीची होती, पाखराचा काय संबंध. तेव्हाचा मीसुद्धा हेच म्हणायचा. पोरानं अंगभर कपडे घालायला हवे होते, वाऱ्याची दिशा बघायला हवी होती, बाटलीवर सगळं छापलेलं असतं. २०१७ ला यवतमाळच्या फवारणीच्या मृत्यूंच्या बातम्या आल्या, तेव्हाही दुकानात बसून मी हेच बोललो. खोटं नव्हतं ते. पण बोलताना माझी नजर फळीकडं जात होती.

कारण त्याच्या चार वर्षं आधी, २०१३ च्या पावसाळ्यात, मी त्याच उंबरावरच्या अळ्या बरणीत भरून घरी आणल्या होत्या. सोयाबीनची कोवळी पानं टाकली. दोन दिवस तोंड लावलं नाही. उंबराचं पान टाकलं, चीक गळत होता तरी रात्रीत फक्त शिरा राहिल्या. जवळून बघितल्यावर कळलं, या अळीचे केस विरळ, लांब लांब. सोयाबीनवरची असते गच्च झुपकेदार. पुढं बरणीत जे पाखरू निघालं ते काडेपेटीतलंच. करड्या-तपकिरी पंखावर पांढरा ठिपका, पंखाच्या मुळाशी पिवळट नारिंगी आणि त्यात काळे टिपके, खालचे पंख हळदी-नारिंगी. सोयाबीनचं पाखरू मळकट पिवळसर असतं. काडेपेटी पूर्ण उघडली असती तर दिसलं असतं.

त्याचं नाव असोटा कॅरिकी. त्यातलं ‘कॅरिकी’ १७७५ साली फॅब्रिशियस नावाच्या डॅनिश माणसानं ठेवलेलं. लॅटिनमध्ये कॅरिका म्हणजे अंजीर, आणि अंजीर, उंबर, वड, पिंपळ एकाच घरातले. म्हणजे ही अळी काय खाते ते नावातच लिहून ठेवलेलं होतं, मी जन्मायच्या कितीतरी आधी. इंग्रजीत त्याला उष्ण प्रदेशातला वाघपतंग म्हणतात, पण खऱ्या वाघपतंगांत ते बसत नाही. हॅम्पसननं १८९२ मध्ये हिंदुस्थानातल्या पतंगांचा पहिला खंड काढला, त्यात याच्या भाऊबंदांना वेगळं कुळ दिलं होतं. आता ते कुळ मोडून सगळ्यांना एका मोठ्या वाड्यात घातलंय, खरे वाघपतंग शेजारच्या खोलीत. आणि खरा वाघपतंग कोण, तर सोयाबीनची केसाळ अळी. मी चोराच्या चुलत भावाला धरलं आणि चोर सोयाबीनातच होता.

चादरीचं म्हणाल तर तिथूनच लागलं. तागाच्या कडेनं दिवसा उडणारं पांढरं, लाल-काळ्या ठिपक्यांचं पाखरू तुम्हीही बघितलंय. त्याची अळी खुळखुळ्याचं विषारी पान खाते आणि ते विष अंगात साठवून ठेवते, मग पक्षी नादी लागत नाहीत. दुसरा एक येतो, फिकट पंखावर काळी रेघ असलेला. त्याचा नर मादीला बोलवताना पोटाच्या टोकातून चार केसाळ नळ्या फुगवतो, आणि त्या केवढ्या होणार ते अळी असताना कसला पाला खाल्ला यावर ठरतं. आमच्या दुकानात तीस वर्षं ‘पाखरू’ एवढा एकच शब्द होता, आणि त्यावर एकच उत्तर.

याला प्रायश्चित्त म्हणा, वेड म्हणा. बायको म्हणते, उंबर फोडून केंबरं काढायची कशाला. बरोबर आहे तिचं. मलाही रोज वाटतं असं नाही. कधी कधी चादरीसमोर बसून मला नुसती मजा वाटते, आणि मग त्या मजेचीच लाज वाटते.

गेल्या श्रावणात दादाचा थोरला गच्चीवर आला. आता त्याला दोन पोरं आहेत. त्या गोष्टीवर आम्ही कधीच बोललो नव्हतो. चादरीवर नेमकी दोन्ही पाखरं बसलेली, हातभर अंतरावर. मी बॅटरी धरली. हे उंबराचं, हे सोयाबीनचं. त्यानं वाकून बघितलं, बराच वेळ. मग म्हणाला, ‘काका, मला तर दोन्ही सारखेच दिसलालेत.’