कड हरवलेली गाठ

ती स्तनातली गाठ घाटंजीकडून माझ्याकडे तपासायला आली, अरुंद तोंडाच्या बरणीत. अख्खी मावेना म्हणून ऑपरेशन करणाऱ्यांनी तिचे तीन तुकडे करून कोंबले होते. फॉर्मालिन जेमतेम निम्म्यापर्यंत. गाठीच्या दहापट फॉर्मालिन हवं, हे मी प्रत्येक रिपोर्टखाली छापते. वाचत कोणी नाही.

बाई चाळिशीची. आधीच्या सुईच्या तपासणीत साधी, निरुपद्रवी गाठ म्हणजे फायब्रोअ‍ॅडेनोमा आलेला. त्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. सुई शिरते तेवढाच भाग दिसतो आणि फायलोड्सचे (स्तनातली विरळ, झपाट्याने वाढू शकणारी गाठ) काही भाग हुबेहूब फायब्रोअ‍ॅडेनोमासारखेच असतात. पण या वयात लिंबाएवढी गाठ चार-पाच महिन्यांत संत्र्यापेक्षा मोठी होते, तेव्हा सर्जनने थबकायला हवं होतं.

तुकडे जुळवले तर नऊ सेंटिमीटर. दर सेंटिमीटरला एक ब्लॉक, म्हणजे तपासणीसाठी मेणात बसवायचा तुकडा, घेतला. मायक्रोस्कोपखाली लांबट फटी, त्यांत शिरलेले पानासारखे पदर, पदरांच्या कडेला दाटलेला स्ट्रोमा, म्हणजे आधार देणाऱ्या पेशींचा भाग. फायलोड्सच. आता प्रश्न प्रतीचा: साधी, बॉर्डरलाइन म्हणजे मधली, की घातक. चाळीसच्या लेन्सवर सर्वांत दाट जागी दहा फील्डमधल्या विभागणाऱ्या पेशी मोजल्या: सात. पाचाच्या आत असत्या तर साधी, दहा किंवा जास्त असत्या तर घातक प्रकाराचा संशय. पण नुसत्या आकड्यावर प्रत ठरत नाही. पेशींचं रूप मध्यमच बिघडलेलं होतं आणि चारच्या लेन्सवर एकाही फील्डमधून स्तनाच्या नलिका हद्दपार झालेल्या नव्हत्या. म्हणजे बॉर्डरलाइन. नागपूरच्या माझ्या सरांनीही स्लाइड बघून तेच सांगितलं.

अडलं ते कडेपाशी, म्हणजे ऑपरेशनमध्ये कापलेल्या सीमेपाशी. फायलोड्स सहसा काखेतल्या लसिका ग्रंथींत पसरत नाही. त्याच जागी परत येण्याची भीती मोठी. म्हणून बॉर्डरलाइन किंवा घातक असली तर भोवतीचा साधारण एक सेंटिमीटर निरोगी भाग घेऊन ती काढावी लागते. अख्ख्या गाठीला बाहेरून शाई लावली की कड स्लाइडवर ओळखता येते. इथे तीन तुकडे, सगळ्या बाजू कापलेल्या. कोणती बाजू ऑपरेशनची आणि कोणती बरणीसाठी कापलेली, कसं ठरवायचं?

सर्जनना फोन केला. "मॅडम, साधी की कॅन्सरची, एका शब्दात सांगा." हा एका शब्दाचा हट्ट मला अजून सतावतो. मधली प्रत असते आणि पुढचे उपचार तिच्यावरच ठरतात.

रिपोर्ट न्यायला दीर आला. "वहिनीले कॅन्सर हाय का नाही, तेवढं सांगा." उलगडून सांगितलं, पुन्हा ऑपरेशन लागू शकतं हेही सांगितलं. त्याने सगळं नीट ऐकलं. म्हणाला, "कापूस घरात आला का आणतो तिले."

वेचणी संपली. सर्जनकडे ती फिरकलेली नाही. फॉर्मवर गावाचं नाव आहे, फोन नंबरची जागा कोरी. आशाताईंकरवी निरोप धाडला आहे.