रबाळ्याच्या थर्मोकपलपासून फ्यूजनच्या कॉइलपर्यंत : माझा अनुभव

फ्यूजनच्या (हलके अणू जोडून ऊर्जा मिळवणाऱ्या यंत्रांच्या) सेन्सरवर काम करायचं म्हणजे आधी प्लाझ्मा फिजिक्स कोळून प्यायला हवं, असा इन्स्ट्रुमेंटेशनच्या मुलांचा समज असतो. ते लागतंच, पण नंतर. सुरुवातीला लागतो तो मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणारा मीटर. नवी मुंबईतल्या ठाणे-बेलापूर रोडच्या दोन्ही अंगांना, रबाळे-महापे पट्ट्यात, थर्मोकपल (दोन धातूंच्या जोडाने तापमान मोजणारा सेन्सर) बनवणाऱ्या शेडमध्ये जी मिनरल इन्सुलेटेड केबल रोज कापली जाते, तिच्याच जातीची केबल टोकामॅकच्या, म्हणजे तापलेला प्लाझ्मा चुंबकांनी कोंडणाऱ्या फ्यूजन यंत्राच्या, आत चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या कॉइलसाठी वापरतात. आत तांब्याची तार, भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची दाबून भरलेली पावडर, बाहेर स्टीलची किंवा इन्कोनेलची (निकेलचा मिश्रधातू) नळी, म्हणजे शीथ. टेफ्लॉन, पीव्हीसी वगैरे किरणोत्सर्गात भुगा होतात, म्हणून हा खटाटोप.

सरावासाठी मी जी कॉइल करतो तिचं माप असं. 34 मिमी व्यासाचा फॉर्मर (ज्यावर केबल गुंडाळायची तो गाभा), 1 मिमी केबल, प्रत्येकी 50 वेढ्यांचे दोन थर. वेढ्यांसाठी 11.3 मीटर केबल जाते, लीडसाठी, म्हणजे उपकरणाकडे जाणाऱ्या टोकांसाठी, आणखी दोन मीटर धरायची. थर दोनच का? दोन्ही टोकं एकाच बाजूला बाहेर येतात म्हणून. एकच थर दिला तर परतीची तार बाहेरून आणावी लागते आणि तिचा एक आडवा वेढा तयार होतो. टोकामॅकमध्ये मुख्य क्षेत्र मोजायच्या क्षेत्राच्या कितीतरी पट मोठं असतं, इटर या फ्रान्समध्ये उभारल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय टोकामॅकमध्ये 5.3 टेस्ला, त्यामुळे तो फुकटचा वेढा चुकीच्या दिशेचं क्षेत्र उचलतो. वेढे गुणिले क्षेत्रफळ येतं साधारण 0.102 चौरस मीटर.

खरी डोकेदुखी पावसाळ्यात. मॅग्नेशियम ऑक्साइड ओल ओढतो. केबल कापून टोक उघडं ठेवलं आणि चहाला गेलं, की खाडीकडची जुलैची हवा आपलं काम करून जाते. मेगर गिगाओहमवरून किलोओहमवर आलेला दाखवतो. अशा वेळी टोकालाच गॅसचा टॉर्च लावायचा नाही. ओल आणखी आत ढकलली जाते. टोकापासून वीत-दीड वीत मागून सुरुवात करून हळूहळू टोकाकडे यायचं, म्हणजे वाफ बाहेर पडायला वाट मिळते. मग गरम असतानाच इपॉक्सीने तात्पुरतं बंद करायचं. अंतिम सील मात्र सिरॅमिक-धातूचा, कारण इपॉक्सी किरणोत्सर्गात आणि भट्टीत टिकत नाही. 1 मिमी केबलला 500 व्होल्ट मेगर लावू नये, 50 ते 100 पुरेत. थंड असताना 1 गिगाओहमच्या खाली असेल तर मी पुढे जात नाही, कारण तापमान वाढलं की इन्सुलेशन कितीतरी पटींनी घसरतं आणि न्यूट्रॉन-गॅमा पडत असताना आणखी.

तपासणी हेल्महोल्ट्झ कॉइलमध्ये, म्हणजे मधोमध एकसारखं क्षेत्र देणाऱ्या समोरासमोरच्या दोन कॉइलच्या जोडीत. 15 सेंमी त्रिज्या, प्रत्येकी 100 वेढे. 1 अँपिअरला मध्यावर 0.6 मिलिटेस्ला मिळतात. 100 हर्ट्झवर आपल्या कॉइलकडून 38 मिलिव्होल्ट यायला हवेत, दोन्ही आकडे शिखराचे. एक टक्का जास्त आला तर आधी लीड बघायच्या: त्या सेंटिमीटरभर फाकलेल्या आणि 10 सेंमी लांब राहिल्या, तर 10 चौरस सेंमीचा वेढा फुकटात वाढतो. पीळ द्यायचा, अगदी टोकापर्यंत. वारंवारता वाढवत नेली की आकडा अपेक्षेपेक्षा कमी येतो. तो दोष नाही, शीथमध्ये भोवरे-प्रवाह फिरतात.

आता इंटिग्रेटर, म्हणजे कॉइलच्या व्होल्टेजची वेळेनुसार बेरीज करणारं सर्किट. कॉइल क्षेत्र देत नाही, क्षेत्राचा बदल देते. क्षेत्र हवं तर बेरीज करत बसायचं. आणि बेरजेत चूकही जमा होते. 1 मायक्रोव्होल्टचा ऑफसेट, म्हणजे सतत मिसळणारा खोटा व्होल्टेज, धरा. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत 1989 मध्ये सुरू झालेल्या आदित्यसारख्या छोट्या यंत्रात 0.2 सेकंदाचा शॉट असेल तर चूक 2 मायक्रोटेस्ला, कुणाला कळतही नाही. इटरमधला 400 सेकंदांचा पल्स धरला तर तीच चूक 4 मिलिटेस्ला. कामाची सगळी गोम या एका आकड्यात आहे.

आणि हा मायक्रोव्होल्ट येतो कुठून? बहुतेक वेळा जोडातून. तांबं आणि साध्या सोल्डरच्या जोडाच्या दोन बाजूंत एक अंशाचा फरक पडला तर 1 ते 3 मायक्रोव्होल्ट सुटतात. व्हॅक्यूमच्या भिंतीतून तार बाहेर काढणाऱ्या फीडथ्रूच्या कोव्हार (लोखंड-निकेल-कोबाल्टचा मिश्रधातू) पिनवर सुमारे 40. थर्मोकपलवाल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही, त्याचं पोटच त्यावर भरतं, फक्त तिथे जे हवं असतं ते इथे नको असतं. दोन्ही टर्मिनल एकाच ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात घ्यायची, एसीचा झोत बंद करायचा आणि रात्रभर लॉगर लावायचा. हा रात्रीचा आलेख मुलाखतीला न्यावा, प्रमाणपत्रांपेक्षा जास्त बोलतो.

कायम क्षेत्र असेल तर क्षेत्र थेट मोजणारा हॉल सेन्सर का नाही, हा प्रश्न हमखास येतो. असतात, पण व्हेसलच्या, म्हणजे प्लाझ्माभोवतीच्या व्हॅक्यूमच्या टाकीच्या, बाहेरच्या बाजूला आणि बिस्मथचे. इंडियमवाल्या सेन्सरमधलं इंडियम न्यूट्रॉनमुळे हळूहळू कथील होत जातं.

वाटा दोन-तीन आहेत. गेट परीक्षा देऊन भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षण शाळेत जाता येतं, वाशीच्या पुलापलीकडेच. गांधीनगरच्या संस्थेत आणि तिच्याच इटर-इंडियात भरती निघते. तिसरी वाट पुरवठादाराची, म्हणजे आपल्याच एमआयडीसीची, आणि तिथे पगार सुरुवातीला बेताचाच. अडतं ते हुशारीवर कमी, कागदांवर जास्त. व्हॅक्यूमच्या आत पितळ चालत नाही, जस्त उडतं. स्टीलमधला कोबाल्ट किती हे लिहून द्यावं लागतं, कारण तोच पुढे कोबाल्ट-60 होऊन दुरुस्तीला जाणाऱ्यांना भाजतो. शीथचा हीट नंबर (तो धातू ज्या ओतात तयार झाला त्याचा क्रमांक) नोंदवायचा राहिला तर कॉइल कितीही उत्तम असली तरी आत जात नाही. टेबलावरच सरावाला राहते.