शेवटच्या दिवसापासून मागे: बोनेरच्या सहलीची आखणी

सहलीची आखणी करताना आपण बहुधा पहिल्या दिवसापासून सुरुवात करतो. विमान किती वाजता उतरणार, खोलीचा ताबा कधी मिळणार, संध्याकाळी कुठे फिरायचे, असे करत करत आठवडा भरतो. कॅरिबियन समुद्रातल्या बोनेर या बेटावरच्या डायव्हिंगच्या, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली बुड्या मारण्याच्या सहलीची आखणी मात्र मी परतीच्या विमानापासून सुरू केली आणि एकेक दिवस मागे सरकत गेले. असे करण्याचे कारण नायट्रोजन हे होते.

पाण्याखाली, वाढलेल्या दाबात श्वास घेताना हवेतला नायट्रोजन नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात शरीरात विरघळतो आणि वर आल्यानंतर तो सावकाश बाहेर पडत राहतो. तो पुरेसा बाहेर पडण्याआधी विमानात बसल्यास केबिनमधल्या कमी दाबामुळे शरीरात त्याचे बुडबुडे होण्याचा धोका असतो. म्हणून एकाच साध्या बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक दिवस बुड्या मारल्या असतील तर किमान १८ तास विमानप्रवास करू नये, असा संकेत आहे. मी सरळ २४ तास धरते. विमान सकाळचे असल्यामुळे त्याच्या आदला अख्खा दिवस कोरडा जाणार हे आधीच ठरून गेले. माझ्या नवऱ्याला कानाच्या त्रासामुळे डायव्हिंग करता येत नाही, पण पक्ष्यांसाठी तो पहाटे चारलाही उठतो. तो कोरडा दिवस आपला आहे, हे त्याने लगेच जाहीर केले. म्हणजे आम्हा दोघांतला नेहमीचा वाद या वेळी शरीरशास्त्रानेच मिटवला.

बोनेरच का, याचे उत्तर बेटाच्या कोरडेपणात आहे. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर असलेल्या या २८८ चौरस किलोमीटरच्या बेटावर पाऊस कमी पडतो आणि नदी एकही नाही. त्यामुळे गाळ वाहून समुद्रात जात नाही, पाणी अतिशय नितळ राहते आणि प्रवाळांना भरपूर ऊन मिळते. व्यापारी वारे पूर्वेकडून सतत वाहत असल्यामुळे पश्चिमेचा किनारा आडोशाला येतो आणि बहुतेक काळ शांत असतो. प्रवाळभित्तिकाही किनाऱ्याला इतकी लगटून आहे की बोटीची गरज नसते. पिकअप गाडी भाड्याने घ्यायची, मागे सिलिंडर टाकायचे, रस्त्याकडेला पिवळ्या रंगात नाव लिहिलेला दगड दिसला की थांबायचे आणि चालत पाण्यात शिरायचे, अशी इथली रीत आहे. पाण्यात शिरताना पायाखाली प्रवाळांचे धारदार तुकडे असतात, म्हणून जाड तळव्याचे बूट न्यावेच लागतात. किनाऱ्यावर उभ्या केलेल्या गाडीत मौल्यवान वस्तू ठेवू नयेत, असे इथे जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितले जाते. आमच्या गाडीजवळ दुर्बीण घेऊन बसलेला पहारेकरी असेल, ही पक्षीवेड्या नवऱ्याची दुसरी सोय.

कागदपत्रे आणि खर्च यांविषयी थोडक्यात सांगते. १० ऑक्टोबर २०१० पासून बोनेर ही नेदरलँड्सची विशेष नगरपालिका आहे, तरीही ते शेंगेन क्षेत्रात मोडत नाही. त्यामुळे युरोपचा व्हिसा हाच इथला व्हिसा, असे गृहीत धरता येत नाही आणि ही चौकशी तिकिटाच्या आधी करावी लागते. चलन युरो नसून अमेरिकन डॉलर आहे. बाहेरून येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला ७५ डॉलर प्रवेशकर आणि ४० डॉलर निसर्गशुल्क द्यावे लागते. दुसऱ्या रकमेबद्दल कुरकुर करणारे पुष्कळ भेटतात. मला ती सबंध सहलीतली सर्वांत रास्त रक्कम वाटते.

तसे वाटण्याला आधार आहे. या बेटाने समुद्री कासवांना १९६१ मध्ये, म्हणजे पर्यटक फारसे येत नव्हते तेव्हाच संरक्षण दिले आणि १९७१ मध्ये भाल्याने मासे मारण्यावर बंदी घातली. १९६२ मध्ये शिडाच्या बोटीतून इथे आलेल्या आणि पुढे ‘कॅप्टन डॉन’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या डॉन स्ट्युअर्ट यांनी डायव्हिंगचा व्यवसाय इथे रुजवला आणि बोटींनी प्रवाळांवर नांगर टाकू नयेत यासाठी पाठपुरावा केला. १९७९ मध्ये स्थापन झालेले सागरी उद्यान संपूर्ण बेटाला वेढून आहे. भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंतचे सगळे पाणी त्यात येते. म्हणून पहिल्या बुडीआधी प्रत्येकाला, शंभर बुड्या मारलेल्यालाही, नियमांची माहिती ऐकून घ्यावी लागते आणि मग एक चाचणी-बुडी मारून दाखवावी लागते. हातमोजे घालायला परवानगी नाही. हात उघडे असले की माणूस कशालाही धरायला धजत नाही, हे त्यामागचे साधे तर्कशास्त्र मला फार आवडले. २०२३ मध्ये इथल्या कठीण प्रवाळांत ऊती झडण्याचा रोग शिरला आणि तेव्हापासून साहित्य निर्जंतुक करण्यावरही भर दिला जातो. तीस वर्षांपूर्वीच्या छायाचित्रांतले बोनेर आता दिसणार नाही, हे मनाशी धरूनच मी निघणार आहे.

माझ्याबरोबर डायव्हिंगला मामेबहीण आहे. पाण्याखाली जोडीदार असावाच लागतो आणि तिच्याइतकी शांत जोडीदार मला दुसरी मिळाली नाही. तिचे प्रशिक्षण पहिल्या पातळीचे, म्हणजे १८ मीटरपर्यंतचे होते. एवढ्याने बहुतेक जागा होतात, परंतु ‘हिल्मा हूकर’ होत नाही. हे सुमारे ७२ मीटर लांबीचे मालवाहू जहाज १९८४ मध्ये बिघाड होऊन बोनेरला आले. तपासणीत त्याच्या पोटात मोठ्या प्रमाणावर गांजा सापडला. जप्तीत पडून राहिलेले जहाज हळूहळू पाणी भरून १२ सप्टेंबर १९८४ रोजी दोन प्रवाळरांगांच्या मधल्या वाळूत बुडाले. ते उजव्या कुशीवर पडलेले असून तळ सुमारे ३० मीटरवर आहे. बहिणीने त्यासाठी पुढचा अभ्यासक्रम निघण्याआधीच पूर्ण करायचे ठरवले आहे. सुट्टीचे दोन दिवस वर्गात घालवण्यापेक्षा ते केव्हाही बरे. दिवसातली सर्वांत खोल बुडी आधी, असा आमचा शिरस्ता असल्यामुळे जहाज सकाळी करायचे आणि दुपारी उथळ ‘सॉल्ट पिअर’ला जायचे. हा मिठाच्या जहाजांचा धक्का आहे. त्याच्या खांबांवर स्पंज आणि प्रवाळ दाटीने वाढले आहेत आणि खांबांमधून माशांचे थवे फिरतात. मात्र धक्क्याला जहाज लागलेले असेल तर तिथे उतरता येत नाही, म्हणून त्या दिवसासाठी ‘एंजल सिटी’ची दुहेरी प्रवाळरांग राखीव ठेवली आहे.

दक्षिणेचा हा दिवस आखतानाच मला बेटाचा दुसरा चेहरा दिसला. ज्या कोरडेपणामुळे समुद्र नितळ राहतो, त्याच कोरडेपणामुळे इथे मिठागरे झाली. स्पॅनिश सत्तेने सोळाव्या शतकाच्या आरंभी बोनेर आणि शेजारच्या बेटांना ‘निरुपयोगी’ ठरवले आणि मूळच्या काकेतियो लोकांना गुलाम करून हिस्पॅनिओला या कॅरिबियनमधल्याच मोठ्या बेटावर नेले. १६३६ मध्ये डच आले आणि त्यांना मात्र ऊन, वारा आणि खारे पाणी यांतला उपयोग बरोबर दिसला. मीठ काढायला आफ्रिकेतून आणलेली गुलाम माणसे होती. त्यांच्यासाठी १८५० च्या सुमारास बांधलेल्या दगडी झोपड्या अजून किनाऱ्यावर रांगेने उभ्या आहेत आणि त्यांची दारे इतकी ठेंगणी आहेत की वाकून नव्हे, जवळपास रांगतच आत जावे लागते. त्यांची कुटुंबे उत्तरेला रिंकोन गावात राहत आणि आठवड्याच्या शेवटी ही माणसे भर उन्हातून कित्येक तास चालत तिथे जात. डच वसाहतींतली गुलामगिरी १ जुलै १८६३ रोजी संपली. आजच्या डायव्हिंगच्या नकाशावर ‘व्हाइट स्लेव्ह’ आणि ‘रेड स्लेव्ह’ ही दोन नावे दिसतात, ती या झोपड्यांवरूनच आलेली आहेत. सुरुवातीला मी ती नावे खोली आणि प्रवाह यांच्या रकान्यांबरोबर वहीत उतरवून मोकळी झाले होते. अर्थ कळल्यावर मी दुपारची एक बुडी कमी केली. ओल्या पोशाखात, घड्याळ बघत त्या झोपड्यांपुढे पाच मिनिटे उभे राहणे मला बरे वाटेना.

जवळच पेकेलमेअर हे खारे तळे आहे. तिथे फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित पक्षी, घरटी करतात. घरट्यांचा भाग राखीव असल्यामुळे त्यांना रस्त्यावरूनच पाहायचे असते.

उत्तरेच्या दिवसाचा क्रम रस्त्यानेच ठरवून दिला आहे. किनाऱ्याचा रस्ता पुढे एकेरी होतो, त्यामुळे बुड्यांच्या दोन जागांपैकी ‘थाउजंड स्टेप्स’ आधी आणि ‘कारपाटा’ नंतर, उलट करायचे तर सबंध वळसा पडतो. नावात हजार असल्या तरी पायऱ्या सत्तरच्या आसपास आहेत. सिलिंडर पाठीवर घेऊन वर चढताना नाव बरोबर वाटते, असे म्हणतात. कारपाटानंतर गोटोमेअरचे तळे आणि रिंकोनवरून परत, असा फेरा होतो. एक दिवस क्लाइन बोनेर या समोरच्या निर्मनुष्य बेटासाठी ठेवला आहे. तिथे छोट्या बोटीने जायचे, सावली जवळपास नाही, पण नवऱ्याला स्नॉर्केल, म्हणजे पृष्ठभागावर तरंगत श्वास घेण्याची नळी, लावून कासवे दिसण्याची चांगली शक्यता आहे. म्हणजे तिघांनी एकाच पाण्यात असण्याचा तो एकमेव दिवस ठरेल.

कोरडा दिवस वॉशिंग्टन-स्लाखबाई राष्ट्रीय उद्यानाचा. रस्ते कच्चे आहेत, म्हणून पिकअप इथेही उपयोगी पडेल. लांबचा पिवळा मार्ग ३४ किलोमीटरचा आणि जवळचा हिरवा २४ किलोमीटरचा आहे. निवडुंगांच्या रानात पिवळ्या खांद्यांचा पोपट दिसावा ही नवऱ्याची इच्छा असल्यामुळे आम्ही हिरवा मार्ग सावकाश करणार आहोत. २४१ मीटर उंचीचे ब्रँडारिस हे बेटावरचे सर्वोच्च शिखर उन्हे चढायच्या आत गाठायचे, एवढीच माझी अट आहे.

राहिला प्रश्न कोणत्या आठवड्याचा. कॅरिबियन म्हटले की चक्रीवादळांची भीती आधी विचारली जाते. बोनेर त्यांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला आहे, तरी धोका अगदीच नाही असे नाही. १९९९ मध्ये ‘लेनी’ या वादळाच्या लाटांनी नेहमीच्या आडोशाच्या किनाऱ्याचीच मोडतोड केली होती. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वारा मंदावतो आणि पाणी सर्वांत उबदार असते. डास वाढतात, ते सोसायचे. परंतु महिन्यापेक्षा तिथी महत्त्वाची निघाली. पौर्णिमेनंतरच्या दुसऱ्या ते पाचव्या रात्री, सूर्यास्तानंतर साधारण पाऊण तासाने, ऑस्ट्राकॉड नावाचे तिळाएवढे कवचधारी जीव प्रवाळांवर निळ्या प्रकाशाच्या ठिपक्यांच्या माळा सोडतात. हे नरांचे मादीला बोलावणे असते. पौर्णिमेनंतर चंद्र रोज उशिरा उगवतो आणि सूर्यास्त व चंद्रोदय यांच्यामध्ये जी काळोखाची फट सापडते, तिच्यात हा खेळ चालतो. टॉर्च विझवून पाण्यात स्थिर राहायचे, एवढेच आपले काम. शरदातल्या याच दिवसांत काही प्रवाळांचे बीजांडे सोडणेही दिसू शकते, पण त्यावर मी भिस्त ठेवलेली नाही.

त्यामुळे आता हिशेब असा जमला आहे. आठव्या दिवशी सकाळी विमान, सातवा दिवस उद्यानाचा, सहाव्या दिवशी दुपारी शेवटची बुडी, चौथ्या आणि पाचव्या रात्री निळ्या माळा, दुसऱ्या दिवशी चाचणी-बुडी आणि पहिल्या दिवशी, म्हणजे कोजागरीला, आगमन. नवऱ्याने दुर्बीण पुसून ठेवली आहे. मामेबहिणीची रजा तेवढी अजून मंजूर व्हायची आहे.