सनरूफ की गिअरबॉक्स?

जुन्या गाडीची वॉरंटी संपली आणि चारच महिन्यांनी खंबाटकी घाटात तिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसला. कंपनीचं नाव घेत नाही, पण बिलाचा आकडा पाहून आईने देवासमोर दिवा लावला.

म्हणून या वेळी सेडान बघताना मी आधी गिअरबॉक्सचंच विचारत होतो. सेल्समन बिचारा सनरूफ दाखवतोय आणि मी खाली वाकून बघतोय!

शेवटी दोन उरल्या, होंडा सिटी आणि ह्युंदाई व्हर्ना. व्हर्नाचं १.५ टर्बो इंजिन म्हणजे १६० पीएसची ताकद, चालवताना खरंच मजा येते. ग्लोबल एनकॅपच्या अपघात-सुरक्षा चाचणीचे ५ स्टारही आहेत. पण टर्बो ऑटोमॅटिकमध्ये ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचचा गिअरबॉक्स येतो, आणि पुणे-सातारा रस्त्यावरच्या रांगेत इंचाइंचाने सरकायचं असेल तर क्लच तापायच्या भीतीने माझं मन त्याला धजेना. दुधाने तोंड पोळलंय ना! सिटीत साधं १२१ पीएसचं इंजिन आणि सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. जोरात दाबलं की नुसता आवाज करते. पण डिकी ५०६ लिटरची, त्यात आईची व्हीलचेअर घडी घालून आडवी बसली.

वॉरंटी दोघींची ३ वर्षं, किलोमीटरची मर्यादा नाही. पुस्तिकेतली बारीक अक्षरं मात्र वाचा: ब्रेक पॅडसारखे झिजणारे भाग त्यात धरत नाहीत. मी शेवटी सिटी घेतली, आणि वाढीव वॉरंटी पहिल्याच दिवशी.

बायको अजून म्हणते, व्हर्नाच्या थंड हवा देणाऱ्या सीट हव्या होत्या. मे महिन्यात मलाही तसंच वाटतं.