गोष्टीतला म्हातारा

मंगळवार, रात्री उशिरा

धाकटा झोपला. थोरलीचं दप्तर भरून ठेवलं. आता थोडा वेळ माझा.

गोष्टीतला म्हातारा आज दिवसभर डोक्यात होता. निवृत्त मुद्रितशोधक, एकटाच राहतो. रात्री दाराला कडी लावतो, दोन पावलं मागे येतो आणि परत जाऊन कडी काढून ठेवतो. एवढं लिहून झालं होतं आणि तेवढ्यात धाकटा रडत उठला, वही मिटावी लागली. त्याने कडी का काढली, हे मलाच ठाऊक नव्हतं. मग आज धाकट्याला मोजे घालताना, ऑफिसच्या मीटिंगमध्ये, कपड्यांच्या घड्या घालताना तोच प्रश्न. कुणाची वाट बघतोय? की आपण आत पडलो तर शेजाऱ्यांना दार फोडावं लागू नये, हा हिशेब आहे?

संध्याकाळी जिना चढताना उत्तर मिळालं. बायको होती तोवर कडी तीच लावायची, सगळ्यांत शेवटी, सगळीकडे एक फेरी मारून. आपण कडी लावली म्हणजे ती आता बाहेरच राहिली, असं त्याला वाटतं. म्हणून काढतो. जिन्यातच उभी राहून मोबाइलवर टिपून घेतलं, नाहीतर वर पोचेपर्यंत गेलंच असतं.

लसीची तारीख, थोरलीच्या बुटांचं माप, कुठल्या कागदावर कुणाची सही राहिली आहे, हे सगळं माझ्या डोक्यात असतं. ते मी मनापासून सांभाळते. पण ते सगळं त्यांचं आहे. म्हातारा माझा आहे. आई झाल्यापासून फक्त माझं असं डोक्यात काही राहिलंच नव्हतं, हे आज इतक्या स्पष्टपणे कळलं.

गुरुवार

मैत्रीण म्हणाली, "मनातलं लिहून काढतेस ते बरं करतेस, मोकळं वाटतं." तिचं म्हणणं खोटं नाही. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाचा १९८६ सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं लिहायला बसवलं होतं. काहींना साधे विषय दिले, काहींना आयुष्यातल्या सर्वांत दुखऱ्या प्रसंगावर लिहायला सांगितलं. प्रसंग आणि त्याबद्दलच्या भावना दोन्ही ज्यांनी लिहून काढल्या, त्यांच्या पुढच्या महिन्यांतल्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. ज्या बाईला बोलायला कुणी नाही, तिने असं जरूर लिहावं.

मला मात्र हवं होतं ते वेगळं. स्वतःबद्दल लिहायला बसले की पानावर मुलंच यायची. कोण किती जेवलं, कोण का रडलं, मी किती दमले. पान भरायचं आणि त्यात पुन्हा आईच असायची. ती तर मी दिवसभर असतेच.

मग एका म्हाताऱ्याच्या अंगात शिरून लिहायला लागले आणि न बोलावता माझं काय काय बाहेर आलं! शाईच्या वासाची ओढ. चुकीची वेलांटी दिसली की होणारी चिडचिड. घरात कुणी नसताना गप्प बसून राहण्याची आवड. हे सगळं कॉलेजपासूनचं माझं आहे. त्याच्या तोंडी घालायला शोधू लागले, तेव्हा ते जागच्या जागी सापडलं. स्वतःला शोधायचं तर स्वतःबद्दलच लिहायला हवं असं सगळे सांगतात. माझा अनुभव उलटा आहे. जो आपण नाही, ज्याला कुणी "आई" म्हणून हाक मारणार नाही, अशा माणसाचं लिहावं. त्याला देण्यासाठी जे आपल्याकडे निघतं ते अस्सल आपलं असतं.

शनिवार, पहाटे

वेळेबद्दल लिहायचं आहे, कारण "तुला वेळ कसा मिळतो?" हे काल पुन्हा कुणीतरी विचारलं आणि पाठोपाठ बहिणाबाईंचं उदाहरण दिलं. म्हणे, काम करता करता सुचतं, वेगळं बसायला कशाला हवं? हे ऐकलं की माझ्या पोटात तुटतं. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या आपल्यापर्यंत आल्या, कारण घरातल्यांनी त्यातल्या काही टिपून ठेवल्या. १९५१ साली त्या गेल्या, मग त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी ते कागद आचार्य अत्र्यांना दाखवले आणि १९५२ साली पुस्तक निघालं. सुचणं कामात होतं, अगदी खरं. टिकलं ते मात्र टिपलं गेलेलंच. त्यांच्याच तोंडून किती विरून गेलं असेल, आणि ज्यांच्या घरात टिपणारं कुणी नव्हतं अशा किती जणींचं!

बंगालमधल्या राससुंदरी देवींनी एका पोथीचं पान काढून स्वयंपाकघरात लपवून ठेवलं आणि मुलाच्या अक्षरं गिरवण्याच्या ताडपत्राशी ताडून पाहत चोरून वाचायला शिकल्या. बारा मुलांची आई. पुढे त्यांनी आत्मचरित्र लिहिलं. अमेरिकन कादंबरीकार टोनी मॉरिसन नोकरी करत, दोन मुलांना एकटीने वाढवत लिहायच्या. पहाटे लिहिण्याची सवय का लागली, तर मुलांनी "आई" अशी हाक मारायच्या आत लिहून व्हायला हवं म्हणून, असं त्यांनी मुलाखतीत सांगितलं होतं. त्यांना १९९३ साली नोबेल मिळालं. मला त्या नोबेलपेक्षा ती पहाट जवळची वाटते.

तर माझी पहाट ही. नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, या वेळात मुलं उठली तर तू बघायचं, दार वाजवायचं नाही. "ताप असला तरी?" त्याने विचारलं. म्हटलं, थर्मामीटर कुठे असतो ते तुलाही माहीत आहे. त्याने मान हलवली आणि तेव्हापासून तो खरंच बघतो.

आणखी एक सवय लावली आहे. उठताना वाक्य मुद्दाम अर्धं सोडायचं. दुसऱ्या दिवशी कोरं पान समोर येत नाही, त्या वाक्याचा दुसरा भाग आधीपासूनच वाट बघत असतो. ज्यांच्या हाती सलग तास नाहीत त्यांना हे फार उपयोगी पडेल. छोटे छोटे प्रसंग लिहावेत, सांधे नंतर जोडावेत. माझी गोष्ट तुकड्यातुकड्यांत आकार घेते आहे आणि म्हाताऱ्याला ते शोभतंही, कारण त्याची आठवणही तशीच आहे.

रविवार

थोरली वहीत डोकावली. "यात मी आहे?"

"नाही."

"छोटू?"

"तोही नाही. बाबाही नाही."

तिला ते आवडलं नाही. मी तिला जवळ घेतलं, पण उत्तर बदललं नाही. आईचं एखादं जग असं असतं ज्यात आपण नाही, हे तिला आत्ताच कळलेलं मला हवं आहे. पुढे तिला स्वतःचं जग हवंसं वाटेल तेव्हा कुणाची परवानगी मागावीशी वाटू नये.

जरा वेळाने परत आली. "त्या आजोबांना मुलगी आहे का?"

"नाही. मूलबाळ नाही त्यांना."

"का?"

कारण तो वाट बघतोय ती फक्त बायकोची. मुलगी आणली की वाचणाऱ्याचं लक्ष तिच्याकडे जाईल, ती येईल का, फोन करेल का, आणि कडीचा अर्थच बदलेल. हे तिला माझ्या परीने समजावलं. तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मांजर तरी ठेव."

यावर मी दुपारभर विचार केला. दार उघडं राहतं तर मांजर आत येणारच. दुसऱ्या प्रसंगात आणून बघते.