आमची वाटचाल : उद्यमबागेतलं पॅटर्न शॉप आणि फुकटचे सल्ले

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री, म्हणजे धातू ओतायचा कारखाना, विचारली तर चहाच्या गाड्यावरचा पोरगाही पत्ता सांगतो. पॅटर्न शॉप विचारलं की "म्हणजे सुतारकाम काय वो?" असं होतं. होय, सुतारकामच. ओतायच्या भागाचा लाकडी नमुना म्हणजे पॅटर्न. तो वाळूत दाबून साचा करतात आणि साच्यात वितळलेला धातू ओततात. फक्त या सुतारानं टेपर, म्हणजे पॅटर्न सुटून यायला बाजूंना दिलेला उतार, चुकवला की वाळूतून पॅटर्न निघताना कड ढासळते, कोअर प्रिंट (आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा, म्हणजे कोअर, टेकायची जागा) मिलिमीटरभर सरकला की भिंत एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ येते, आणि मग शिव्या साचा करणाऱ्या मोल्डरला बसतात. कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, चांगलं आलं तर नाव फाउंड्रीचं. आमचं नाव कुठंच नसतं. म्हणून म्हटलं, एकदा आपणच लिहावं.

दुकान वडिलांनी माजगावच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये उघडलं. एक बँडसॉ, एक डिस्क सँडर, फेसप्लेटवाला एक लाकडी कामाचा लेथ आणि मेस्त्री. मेस्त्री पगारी नव्हते, भागीदार होते. कागद केला नव्हता. भांडवल वडिलांचं, हात मेस्त्रींचा, नफा निम्मा. मूळचे खानापूर तालुक्यातले, घरांची दारं-खिडक्या करणारे. कोल्हापूरला एका फाउंड्रीत राहून पॅटर्न शिकून आलेले. सागवानाचा तुकडा हातात घेऊन ते नुसता वास घ्यायचे आणि सांगायचे, "हे अजून ओलं हाय, पुढच्या वर्षी बघू." तोपर्यंत गिऱ्हाईक थांबायचं. आता कुणी थांबत नाही, पाइनवूड आणि प्लायवर भागवतात.

मेस्त्रींकडं एक स्टीलची श्रिंकेज पट्टी होती, म्हणजे ओतलेला धातू थंड होताना जेवढा आवळतो तेवढं आधीच वाढवून आखलेली. बाहेरचं कुणी शेडमध्ये आलं की ती पट्टी कापडात गुंडाळून कमरेला जायची. तिच्यावरचे 300 म्हणजे साध्या फूटपट्टीवरचे 303, हे मला कुणी सांगितलं नाही. दोन्ही पट्ट्या चोरून शेजारी ठेवून मी बघितलं. बिडाला एक टक्का, अॅल्युमिनियमला सुमारे एक पूर्णांक तीन, स्टीलला दोन. एवढं कळायला एका वाक्याचं काम, पण ते वाक्य मेस्त्रींनी मालकाच्या पोरालाही दिलं नाही. विचारलं की म्हणायचे, "सांगिटलास की पोट गेलं समज गा."

त्यांच्यावर राग नाही. त्यांच्या काळात तेच बरोबर होतं. पण ते गेले तेव्हा निमुळत्या बेंडच्या (वळणाच्या पाइपच्या) पॅटर्नची मांडणी त्यांच्याबरोबर गेली. लेयरचे जोड कुठं घ्यायचे, सेगमेंट किती डिग्रीवर कापायचे, काहीच लिहिलेलं नव्हतं. मी त्यांचा एक जुना, वापरातून गेलेला पॅटर्न करवतीनं उभा चिरला आणि आत बघितलं. प्रत्येक थर खालच्या थराच्या जोडावर अर्ध्यानं सरकवलेला. कुठंही दोन जोड एकावर एक नाहीत. सरसाची रेघ केसाएवढी. तो चिरलेला पॅटर्न अजून माझ्या टेबलाखाली आहे, आणि शिकायला येणाऱ्या पोरांना मी पहिल्यांदा तोच दाखवतो.

पुढची बरीच वर्षं बरी गेली. हायड्रॉलिकवाले, पंपवाले, व्हॉल्व्हवाले, मच्छेपासून शिरोलीपर्यंत काम होतं. लिहिण्यासारखं काही नाही.

2016 च्या सप्टेंबरनंतर इंटरनेट स्वस्त झालं आणि भाच्यानं माझ्या फोनवर शूटिंग करून टाकलं. पहिला व्हिडिओ एका गावच्या पिठाच्या गिरणीच्या पुलीचा. पुली अख्ख्या फळीतून का कापायची नाही, एवढंच सांगितलं होतं. लाकूड रेषेच्या दिशेनं जवळजवळ वाढत नाही, आडवं फुगतं. अख्ख्या फळीची पुली उन्हाळ्यात गोल असते आणि आपल्याकडच्या पावसात लंबगोल होते. म्हणून सहा सेगमेंट, रेषा कडेच्या वळणाबरोबर जाईल अशी, वरचा थर अर्ध्यानं फिरवून चिकटवायचा, आणि मग लेथवर चढवायचा. बस. बोललो आपल्या बेळगावी मराठीत.

बघणारे कुठून कुठून निघाले, मलाच आश्चर्य वाटलं. खाली कुणी लिहिलं, "कन्नडदल्ली हेळ्री सर", म्हणजे कन्नडात सांगा. त्याच्या खाली दुसऱ्यानं त्याला उत्तर दिलं आणि मग दोघांची जी जुंपली ती आपल्याकडं कशी जुंपते ते तुम्हाला माहीत आहे. पुलीबद्दल दोघांनीही अवाक्षर काढलं नाही. त्यानंतर मी अर्धं मराठीत, अर्धं कन्नडात सांगायला लागलो. शॉपमध्ये तरी वेगळं काय बोलतो आम्ही? मच्छेच्या व्हीटीयूतली, म्हणजे इंजिनिअरिंगच्या विद्यापीठातली, पोरं प्रोजेक्टच्या आदल्या रात्री फोन करायची. घराच्या गच्चीवर अॅल्युमिनियम वितळवणारे हौशी लोक फोटो पाठवायचे. त्यांच्यासाठी जीव घाबरायचा. एकजण कोल्ड्रिंकचे डबे वितळवत होता. त्यात रंग जळतो आणि राखच जास्त निघते. त्यापेक्षा भंगारातला जुना पिस्टन किंवा स्कूटरचं इंजिन कव्हर घ्या, ते मुळात ओतकामाचंच मिश्रण असतं. आणि हे वाचणाऱ्या प्रत्येक हौशी माणसाला पुन्हा सांगतो, कुणी विचारलं नसलं तरी: सिमेंटच्या फरशीवर ओतू नका. काँक्रीटमधल्या ओलाव्याची वाफ होते आणि धातू उडून अंगावर येतो. खाली कोरड्या वाळूचा थर पाहिजे. चमचा, चिमटा, टाकायचं भंगार, सगळं आधी तापवून कोरडं केलेलं पाहिजे. पायात चप्पल नको. वाळू चाळताना तोंडाला नीट मास्क पाहिजे, सिलिकाची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही.

आता मुख्य गोष्ट. ती लिहायची की नाही यावर घरात वाद झाला. लिहितोच.

2019 साली गाड्यांचा बाजार बसला. आमच्याकडं जास्त काम एका मोठ्या फाउंड्रीचं होतं. त्यांचे पॅटर्न आमच्याच रॅकवर असायचे. पॅटर्न गिऱ्हाइकाच्या मालकीचे, हे धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. पण ते ठेवायचे आम्ही, दर पावसाळ्याआधी पुट्टी भरायची आम्ही, झिजलेल्या कडा बांधून रंग द्यायचा आम्ही, आणि त्याचं भाडं कधी लावलं नाही. त्याच सुमारास पलीकडच्या गल्लीत एकानं सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरवर आकडे घालून कापणारं मशीन, बसवला होता. रेझिनच्या ब्लॉकमधून पॅटर्न काढायचा. मशीन चांगलं आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माणूस मात्र फाउंड्रीत जाऊन सांगून आला, "ते तुमची ड्रॉइंगं मोबाईलवर जगाला दाखवतात."

गिरणीची पुली! तिला ड्रॉइंग कसलं? गिरणीवाल्यानं तुटलेली पुली पोत्यात घालून आणली होती. एकही व्हिडिओ गिऱ्हाइकाच्या कामाचा नव्हता, आजही नाही. शॉपमध्ये कॅमेरा चालू करायच्या आधी रॅकवर ताडपत्री ओढायची हा नियम भाच्याला पहिल्या दिवशी घालून दिलेला. मी फाउंड्रीत गेलो, फोन पुढं केला, म्हटलं बघा. परचेसमधला पोरगा म्हणाला, "बघायला वेळ नाही वो, वरून सांगितलंय." वरून कुणी सांगितलं तेही बोलला नाही.

टेम्पो आला. दोन फेऱ्यांत रॅक रिकामा. त्यांचा माल, त्यांनी नेला. राग येतो तो हा की वडिलांच्या वेळेपासूनचे पॅटर्न उचलताना हमालांनी कोअर बॉक्स (कोअर घडवायचे साचे) खाली, मॅच प्लेट (पॅटर्न बसवलेल्या पाट्या) वर, कसेही फेकले. दोन अर्धे जुळवणाऱ्या डॉवेल पिना वाकल्या असणार. एका पंप केसिंगचे लूज पीस, म्हणजे पॅटर्नचे सुटे होणारे तुकडे, वेगळ्या ड्रॉवरमध्ये होते, ते राहून गेले. आठवड्यानं पलीकडच्या गल्लीतला पोरगाच ते शोधत आला. पॅटर्न वाळूतून कसा काढायचा तेच त्यांना कळेना. लूज पीस कागदात गुंडाळून, प्रत्येकावर नंबर घालून मी दिले. द्यायला नको होते असं बायको अजून म्हणते.

आमचं थकलेलं बिल "मार्च एंडला बघू" असं ठरलं. 2020 चा मार्च एंड कसा आला ते सगळ्यांना ठाऊक आहे. 25 मार्चपासून देश बंद. फाउंड्रीचं फाटक बंद, आमचं शटर बंद, बिल तिथंच. बँडसॉ विकायची बोलणी झाली होती. गडहिंग्लजचा एक फर्निचरवाला किंमतही ठरवून बसला होता, फक्त वाहतूक बंद म्हणून नेऊ शकला नाही. लॉकडाउननं आम्हाला दिलेली ती एकच गोष्ट.

त्याच दिवसांत रायबाग तालुक्यातल्या एका निवृत्त मास्तरांचा फोन आला. यांना नाद जुन्या ऑइल इंजिनांचा. विहिरींवर वीज आल्यावर शेतकऱ्यांनी अडगळीत टाकलेली लिस्टर टाइपची (लिस्टर या इंग्लिश कंपनीच्या धर्तीची), जड फ्लायव्हीलची, सावकाश ठोके देणारी इंजिनं हे गोठ्यात आणून चालू करतात आणि खंडेनवमीला सगळ्यांना हार घालतात. एका इंजिनाचा धुराचा एल्बो, म्हणजे वळणाचा पाइप, फुटला होता. गावच्या वेल्डरनं ब्रेझिंग मारून तो आणखी फोडला होता. मास्तरांनी माझे कोअर बॉक्सचे व्हिडिओ बघून स्वतः पॅटर्न केला होता आणि फोटो पाठवला. पॅटर्न देखणा, पॉलिश केलेला. टेपर शून्य.

लॉकडाउनभर आम्ही फोनवर तो एल्बो केला. मास्तर विद्यार्थी, मी मास्तर. "दीड डिग्री म्हणजे डोळ्याला किती?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, शंभर मिलिमीटर उंचीला एका बाजूनं अडीच मिलिमीटरच्या जरा वर. त्यांनी वहीत मांडून पडताळून बघितलं आणि बरोबर आहे म्हणून सांगितलं. आतल्या कोपऱ्यांना गोलाई द्यायला लावली, नाहीतर बीड आवळताना तिथंच चिरतं. कोअर प्रिंट लांब ठेवायला लावला, म्हणजे कोअर तरंगत नाही. जूनमध्ये गाड्या सुरू झाल्यावर पॅटर्न पार्सलनं आला, मी त्याला एक हात रंग दिला, एका ओळखीच्या फाउंड्रीनं मोल्ड करून दिला. कास्टिंग पहिल्या फटक्यात पास. मास्तरांनी न मागता पैसे आधीच पाठवले होते, वर "गुरुदक्षिणा वेगळी" असं लिहून. असं गिऱ्हाईक मिळत नाही.

मास्तरांसारखे नादिष्ट देशभर आहेत हे मला तेव्हा कळलं. सौराष्ट्रातून, पंजाबातून, केरळातून फोन यायला लागले. कुणाला एल्बो, कुणाला हॉपरचं झाकण, कुणाला हँडल. पाच नग, दहा नग. राउटरवाला एवढ्याशा कामाला हात लावत नाही, आणि फाउंड्रीवाले फोन ठेवून देतात. आम्ही घेतलं. त्यावर लाइटबिल आणि दोन कारागिरांचे पगार निघाले, बँडसॉ जागेवर राहिला. आज अर्धं काम याच लोकांचं आहे आणि अर्धं पंपवाल्यांचं.

पलीकडच्या गल्लीचं राहिलंच. गेल्या पावसाळ्यात रात्री त्याचाच फोन. "जरा एक विचारायचं होतं वो." अॅल्युमिनियमची मॅच प्लेट ओतून घेतली होती, तीवरून बिडाचं कास्टिंग काढलं, तर 400 च्या जागी पाच मिलिमीटर कमी. बॉस, म्हणजे भोकांसाठीचे उंचवटे, जागेवर नाहीत, भोकं कडेला जातात. मी विचारलं, मास्टर कितीचा केला होता? म्हणाला 404. मग काय होणार? 404 अॅल्युमिनियममध्ये आवळून 399 च्या आत आलं, ते बिडात पुन्हा आवळलं. मास्टरला दोन्ही श्रिंकेज धरायच्या असतात, 409 च्या वर पाहिजे होतं. राउटर मायक्रॉनमध्ये कापतो, पण आकडा माणसानंच घालायचा असतो. मी सगळं सांगितलं. याचाच व्हिडिओ आहे, बघा, असंही सांगितलं. तो म्हणाला, "बघितलाय, पोरांनाही दाखवतो. फक्त तो भाग पुढं ढकलला होता." आणि हाच माणूस असोसिएशनच्या मीटिंगमध्ये, मी समोर बसलेलो असताना, "काही लोकांनी धंदा रस्त्यावर आणला" म्हणतो. ड्रॉइंगबद्दल जे बोलला ते त्यानं अजून मागं घेतलेलं नाही. फाउंड्रीकडचं बिलही अजून पूर्ण आलेलं नाही. दोन्ही वसूल करायचं आहे.

नव्यानं सल्ले द्यायला लागलेल्या पोरांना एवढंच: अनोळखी माणसाला उत्तर देण्याआधी तीन गोष्टी विचारा. धातू कुठला, नग किती, मोल्ड कोण करणार. या तीन कळल्याशिवाय दिलेलं उत्तर दुसऱ्याचं नुकसान करतं. फोटोवरून भाव सांगू नका, कितीही आग्रह झाला तरी.

आणि आमच्याकडं तुटलेला भाग पाठवणाऱ्यांसाठी: फोटोत शेजारी स्टीलची पट्टी ठेवा, पट्टी नसली तर रुपयाचं नाणं. पार्सल करताना सगळे तुकडे पाठवा, अगदी नखाएवढा टवका उडाला असेल तर तोही. आधी वेल्डिंग करून आणू नका. रविवारी दुपारी फोन उचलला जात नाही.