एरंडेलावर चालणारं फायटर

नागपुरात वायुसेनानगरकडे विमानं घिरट्या घालायला लागली की फुटाळा तलावावर पोट्टे माना वर करून उभे राहतात, आणि त्यात एक तरी एक्स्पर्ट असतोच जो म्हणतो की पूर्वीची विमानं म्हणजे नुसतं लाकूड-कापड बे, खेळणीच ती. आता लाकूड-कापड होतं हे खरं, पण त्या खेळण्यांमधलं एक होतं सॉपविथ कॅमल, आणि ते शत्रूआधी स्वतःच्याच पायलटचा जीव घ्यायला बसलेलं असायचं.

पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश फायटर हे. 22 डिसेंबर 1916 ला पहिलं उड्डाण, 1917 च्या उन्हाळ्यात आघाडीवर. नाकावर दोन व्हिकर्स मशीनगन, गोळ्या फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून बरोबर निसटतील अशा टायमिंगने जोडलेल्या, आणि त्यावरच्या पत्र्याचा उंचवटा कुबडासारखा दिसायचा म्हणून नाव कॅमल. वरचा पंख सरळसोट, कारण तो बनवायला सोपा, मग त्याची भरपाई खालच्या पंखाला टोकांकडे जास्त चढ देऊन केली. जुगाड काही आपलाच मक्ता नाही.

पण खरी भानगड इंजिनात. आपल्या गाडीत इंजिन जागेवर असते न क्रँकशाफ्ट, म्हणजे त्याच्या मधला दांडा, फिरतो, इथे उलटं, क्रँकशाफ्ट विमानाला घट्ट बसवलेला आणि नऊ सिलिंडरचं अख्खं इंजिन पंख्यासकट गरगर फिरणार! वंगणाला एरंडेल, कारण ते पेट्रोलमध्ये विरघळत नाही, आणि एकदा वापरलेलं तेल परत टाकीत येतच नाही, सगळं बाहेर, त्यातलं बरंचसं पायलटच्या तोंडावर. त्या वाफा नाकातोंडात घेऊन पोटाचं काय होत असेल हे ज्याला आजीने लहानपणी धरून एरंडेल पाजलंय त्याला वेगळं सांगायला नको.

घरी करून बघा, सायकलचं पुढचं चाक काढायचं, एक्सल दोन्ही हातांत धरायचा, दुसऱ्याला चाक जोरात फिरवायला लावायचं आणि मग ते डावी-उजवीकडे वळवायला जायचं. चाक ऐकतच नाही, भलतीकडेच कलते. कॅमलमध्ये हेच, पण दीडशे-पावणेदोनशे किलोच्या इंजिनाचं, वर इंजिन, पायलट, बंदुका, टाकी सगळं पुढच्या 7 फुटांत कोंबलेलं. उजवीकडे वळलं की नाक खाली, डावीकडे वळलं की नाक वर. हात बसलेला पायलट उजवीकडे असा काही झटक्यात वळायचा की मागे लागलेला जर्मन पुढे निघून जायचा, काही जण तर म्हणे डावीकडे जायचं असलं तरी उजवीकडूनच पाऊण चक्कर मारायचे.

आणि नवखा पोरगा? टेकऑफनंतर हवेच्या मिश्रणातलं पेट्रोल वेळेत कमी केलं नाही की इंजिन गुदमरून बंद, त्यात टाकी भरलेली म्हणजे शेपूट जड, विमान वळवायचा दांडा सतत पुढे रेटून धरायचा, पॅराशूट नाही. कॅमलच्या नावावर 1294 विमानं पाडल्याची नोंद आहे आणि सगळे तोच आकडा सांगतात, पण लढाईत 413 पायलट गेले न लढाईबाहेरच 385, हे कोणी सांगत नाही. माझ्या मते हे डिझाइन भन्नाट होतं, पण शिकाऊंच्या हाती देणं हा निव्वळ निष्काळजीपणा होता.

आपला रावळपिंडीचा हरदित सिंग मलिक याच कॅमलवर लढला, पगडीवर बसेल असं खास हेल्मेट घालून. ऑक्टोबर 1917 मध्ये पायात गोळी लागली, तरी वाचला, पुढे फ्रान्समध्ये भारताचा राजदूत झाला.

1918 पर्यंत उंचीवर कॅमलला दम लागायला लागला होता, म्हणून मग खंदकांवर कमी उंचीवरून हल्ले करायची कामं आली. तरी 11 ऑगस्टला स्टुअर्ट कली या पायलटने समुद्रात जहाजामागे ओढत नेलेल्या तराफ्यावरून कॅमल उडवलं आणि एल 53 हे जर्मन झेपेलिन, म्हणजे वायूने भरलेलं अवाढव्य हवाई जहाज, पाडलं. उतरायला जागाच नव्हती, पेट्रोल संपत आलेलं, त्याने सरळ पाण्यात उतरवलं. ते विमान बाहेर काढलं, आजही लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहे.